फडापर्यंत न पोचलेला दवाखाना

ऊसतोडीचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो आणि बाईचा त्याच्याही आधी. कारखान्याच्या तळावर ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या ओळीनं उभ्या असतात. थंडीत चुली पेटतात, दिवसभराच्या भाकरी थापून होतात, लहानग्याला धडुत्यात गुंडाळलं जातं. अंधार आहे तोवर आडोशाला जाऊन यायचं, कारण उजाडलं की आडोसा नाही. मग बैलगाडीत, नाहीतर ट्रॉलीत बसून फड गाठायचा. नवरा-बायको दोघंही ऊस तोडतात. वाढं छाटणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं हे बहुतेक तिच्याकडे. गाडी लागली की पस्तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकात चढायचं. अशा किती खेपा झाल्या ते कुणी मोजत नाही, मोजलं जातं ते काट्यावरचं टन. उरलेलं वाढं विकून मिठा-मिरचीचे पैसे सुटतात. तळावर परतल्यावर पुन्हा पाणी, चूल, पोरं. रात्री-अपरात्री गाडी आली तर झोपेतून उठून तीही भरायची.

ज्यांना शोधावं लागतं त्यांच्या आजारपणाची जबाबदारी कुणाची, असा विषय संपादकांनी सुचवला तेव्हा आधी डोळ्यांपुढे आली ती कोंडून ठेवलेली, विकली गेलेली माणसं. तीही आहेतच. पण राज्यातल्या सर्वांत मोठ्या सहकारी उद्योगाच्या दारात, डांबरी रस्त्याच्या कडेला, लाखो माणसं सहा महिने उघड्यावर राहतात आणि आरोग्य खात्याच्या कुठल्याच वहीत नीट सापडत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी बीड जिल्ह्यात गेले आणि हंगाम लागल्यावर कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातल्या तळांवर. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याची बातमी २०१९ मध्ये देशभर पोचली होती. मला त्याच्याही आधीचा एक दिवस शोधायचा होता. ओटीपोटात पहिल्यांदा दुखलं, अंगावरून जायला लागलं, त्या दिवशी ही बाई कुठे गेली आणि तिथे कोण होतं?

उचल

बालाघाटाच्या रांगांमधली गावं दसऱ्यानंतर रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, केज, शेजारचं पाथर्डी, पलीकडे जालना, परभणी, दक्षिणेला जत. काहींची दिवाळी घरी होते, काहींची ट्रॅक्टरमध्ये. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी काही मुलं आणि त्यांना सांभाळणारी आजी. राज्यात ऊसतोडीला जाणारे किती, याचे अंदाज आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत दिले जातात. अंदाजांत एवढी तफावत पडते, कारण या माणसांची मोजणी करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

मुकादम पावसाळ्यात दारात येतो. उचल ठरते ती कोयत्यामागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता धरतात. आता ही रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. ती हातात येते तेव्हाच तिला वाटा फुटलेल्या असतात: मागची बाकी, सासऱ्याचं आजारपण, बहिणीचं लग्न, खत-बियाणं. ती कामातून फेडायची आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम, तोच कारखाना. कायद्यानं वेठबिगारी १९७६ मध्ये संपवली आहे. पण उचल घेतलेली जोडी हंगामाच्या मध्यात उठून गेली तर काय होतं, हे तळावर कुणालाही विचारा. लोक आवाज खाली आणून सांगतात.

कोयता जोडीचा असल्यामुळे लग्नाची घाईही त्याच्याशी बांधलेली आहे. वयात आलेली मुलगी सहा महिने मागे कुणाजवळ ठेवायची, हा आईबापांपुढचा खरा प्रश्न असतो आणि सासरच्यांना कोयता पुरा करायचा असतो. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, विसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन लेकरं, मग कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. पंचविशीत ही बाई तिच्या मते आणि गावाच्या मते बाळंतपणातून मोकळी झालेली असते. पुढे तिच्या पिशवीचं जे झालं, ते समजायला हे वय लक्षात ठेवावं लागतं.

खाडा

काम बुडालेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड लावतो. एका तळावर मला दिवसाला पाचशेचा आकडा सांगितला गेला, दुसरीकडे त्याहून जास्त. जोडीतली एक आजारी पडली की दुसऱ्याचं कामही निम्म्यावर येतं, गाडी वेळेत भरत नाही आणि सगळ्या टोळीची बोलणी बसतात. तापात, पाळीत, सातव्या महिन्यात बाई फडात दिसते ती यामुळे.

पाळीची अडचण सांगताना बायका आधी हसतात आणि मग सरळ बोलतात. कापड बदलायला आडोसा नाही. ते धुवायला पुरेसं पाणी नाही, आणि वाळत घालायचं ते साडीखाली, उन्हाच्या आड. काही जणी पॅड वापरतात, पण बारा-चौदा तास एकच. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. वर कमरेवर आणि ओटीपोटावर मोळीचा भार. यातून जळजळ, खाज, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. वैद्यकाच्या भाषेत यातले बहुतेक आजार मूत्रमार्गाच्या किंवा जननमार्गाच्या संसर्गाचे, आणि पुष्कळदा तपासणी करून आठवडा-दोन आठवडे गोळ्या घेतल्या तर बरे होणारे. दुखणं नवऱ्याकडूनही आलेलं असू शकतं. तेव्हा औषध दोघांनी घ्यायचं असतं.

पण दवाखान्याची वेळ आणि फडाची वेळ एकच. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची, नंतर संध्याकाळी थोडा वेळ. बाई तळावर परतते तेव्हा सिस्टर घरी गेलेली असते. तळाजवळ मेडिकलचं दुकान मात्र रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. तिथून दुखण्याची गोळी येते. पाळी पुढे ढकलायची गोळीही येते. ती किती दिवस, कुणी, का घ्यायची हे विचारणारं कुणी नसतं. कोपीतल्या डब्यात अशा गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या मी पाहिल्या. एकीवरही कुणी नाव-वेळ लिहिलेली नव्हती.

"ताई, दवाखान्यात गेलं की दिवस जातो, आन् गोळी घेतली की दुखणं जातं," एक बाई म्हणाली. तिला गोळीचा परिणाम ठाऊक होता आणि दिवसाची किंमतही. तिच्या हिशोबात चूक नव्हती.

पिशवी

मग हंगाम संपतो. एप्रिलमध्ये लोक गावी येतात आणि सहा महिने दाबलेलं दुखणं घेऊन बाई तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात जाते. सरकारी रुग्णालय का नाही? तिथे डॉक्टरबाईंचा वार ठरलेला, सोनोग्राफीची तारीख पुढची, आणि एकाच दुखण्यासाठी दोन-तीन खेपा. उचलीतल्या किंवा हंगामातल्या उरलेल्या पैशांत जे करायचं ते एकदाच करून टाकायचं असतं.

तिथे सोनोग्राफी होते. पुष्कळ बायकांनी मला एकाच प्रकारची वाक्यं सांगितली: पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल. आतून तपासलं का, नमुना घेतला का, आधी औषधं दिली का, या माझ्या प्रश्नांना बहुतेकींचं उत्तर नाही असं होतं. कॅन्सरचा शब्द आला की घरात चर्चा संपते. पैसे जुळवले जातात, कधी मुकादमाकडूनच, म्हणजे पुढच्या उचलीतून. गर्भाशय काढल्यावर निदान सहा आठवडे ओझं उचलू नये असं सांगतात. दसऱ्याच्या तोंडावर ऑपरेशन झालेली बाई तेवढे आठवडे कुठून आणणार?

जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

त्या वेळी एक वाक्य फार फिरलं: काम बुडू नये म्हणून मुकादमच पिशव्या काढायला लावतात. मुकादमाचा दाब असतो, तो मी ऐकला आहे. पण ज्या बायकांशी बोलले, त्यांतल्या बऱ्याच जणींनी निर्णय आपलाच होता असं ठामपणे सांगितलं. "रोजची कटकट गेली," हे शब्द अनेकींच्या तोंडून आले. त्यांना फसवलेल्या अजाण बायका म्हणणं मला पटत नाही. एका बाजूला दर महिन्याचा खाडा, दंड, घाण पाण्यातलं कापड आणि कॅन्सरची भीती. दुसऱ्या बाजूला एकदाचं ऑपरेशन. तिसरी वाट, म्हणजे आडोसा, पाणी, सुट्टी, तपासणी आणि साधी औषधं, तिच्यापुढे कधी ठेवलीच गेली नाही. संमतीच्या कागदावर अंगठा तिचाच असतो, पण त्या कागदाआधी जे द्यायला हवं होतं ते कुणीच दिलेलं नसतं.

गवगव्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. त्याचा उपयोग झाला. आता जिल्ह्यात सहज ऑपरेशन होत नाही, असं बायकाही सांगतात. त्याच बायका पुढे हेही सांगतात की अमकी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन करून आली. परवानगीच्या कागदानं चाकू थांबवता येतो. ज्या दुखण्यामुळे ती दवाखान्यात गेली त्याचा इलाज त्यात नाही.

शेजारच्या जिल्ह्यातली तपासणी

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते नकाशानं. बीडला लागून धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आणि त्याच्या कडेला बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं आणि टाटा स्मारक रुग्णालयानं आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साथीनं याच जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक फार मोठी चाचणी केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. निष्कर्ष २००९ मध्ये जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आले. आयुष्यात एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरातल्या तपासणी कार्यक्रमांना या चाचणीचा आधार मिळाला, आणि ती झाली आपल्या ज्वारीच्या शेतांच्या बांधांवर, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या शेजारगावांत.

याहून साधी पद्धतही आहे. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना हे शिकवलं. सुमारे दीड लाख बायकांवरच्या त्या दीर्घ अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. म्हणजे कॅन्सर होईल का, या प्रश्नाचा शोध काही मिनिटांत आणि थोडक्या खर्चात घेण्याची सोय विज्ञानानं करून ठेवली होती. बाईच्या वाट्याला त्यातलं फक्त कॅन्सर हे नाव आलं.

उस्मानाबादच्या निष्कर्षांच्याही वीस वर्षं आधी, १९८९ मध्ये, डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या अभ्यासानं सरकारी आरोग्यसेवेला विचारलं होतं की बाई गरोदर नसते तेव्हा तुम्ही तिच्यासाठी काय करता. बीडच्या गावांत हिंडताना तोच प्रश्न पावलोपावली समोर येतो. गरोदर बाईला आशाताई घरी येऊन नेते. तीन मुलांनंतर ऑपरेशन झालेल्या, पांढरं जाणाऱ्या सव्वीस वर्षांच्या बाईकडे कुठल्याच योजनेची कर्मचारी येत नाही.

दोन गावांच्या मधे

बीडमधल्या एका आशाताईंनी मला त्यांची वही दाखवली. गरोदर बायकांच्या नावांपुढे ऑक्टोबरपासून तांबड्या पेनानं लिहिलं होतं: स्थलांतरित. त्या शब्दापुढे रकाने कोरे होते. लोह-फॉलिकच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, वजन, रक्तदाब, सगळे कोरे. आशाताईंचा मोबदला कामागणिक मिळतो. बाई गेली की तिच्या तपासण्याही गेल्या आणि त्यांचे पैसेही. तरी या ताई निघण्याआधी प्रत्येकीच्या हातात माता-बाल कार्ड देतात, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि मुकादमाचा नंबर लिहून घेतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कारखान्याच्या बाजूला चित्र उलटं. तिथल्या आशाताईंकडे गावची लोकसंख्या आणि त्यावरून ठरलेलं काम आहे. हंगामात त्या गावाच्या हद्दीत हजार-दोन हजार माणसं येऊन राहतात, पण औषधांचा साठा वाढत नाही, सिस्टरची पदं वाढत नाहीत. एका उपकेंद्रावर मी बसले होते तेव्हा सातव्या महिन्याची एक मुलगी सासूबरोबर आली. कार्ड गावी राहिलं होतं. सिस्टरनं नाव, नवऱ्याचं नाव, गाव विचारून संगणकावर शोधायचा प्रयत्न केला, रेंज गेली, पुन्हा आली. शेवटी नवीन नोंद केली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं. आता हिला मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं, असं सिस्टरनं सासूला समजावलं. "मुकादमाला इचारते, बाई," सासू म्हणाली. सिस्टरनं मुकादमाला स्वतः फोन लावला आणि चांगल्या करड्या आवाजात बोलली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला तालुक्याला नेलं गेलं. सिस्टर चिकाटीची होती म्हणून हे झालं, आणि नेमकी हीच माझी काळजी आहे.

राज्याच्या महिला व बालविकास विभागानं स्थलांतरित बालकं आणि गरोदर-स्तनदा मातांचा माग ठेवणारी संगणक प्रणाली आणली आहे. एका अंगणवाडीतून गेलेल्या बाळाचा आहार दुसऱ्या अंगणवाडीत चालू राहावा, हा तिचा हेतू. दिशा बरोबर आहे. पण माग काढणं वेगळं आणि सेवा देणं वेगळं. तळ अंगणवाडीपासून दोन-तीन किलोमीटरवर असतो आणि आई पहाटे फडात गेलेली असते. पोषण आहाराचं पाकीट घ्यायला कोपीत असते ती आठ वर्षांची थोरली बहीण.

असा प्रयत्न शिक्षणात आधी झाला होता. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालत, मुलांमागे शाळा जात असे. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या बंद झाल्या, कारण मुलांनी नियमित शाळेतच जावं असं ठरलं. तत्त्व चांगलं होतं, पण तळावरची मुलं त्या नियमित शाळेत सहसा पोचली नाहीत. आरोग्यात त्याची पुनरावृत्ती नको असेल तर मुख्य व्यवस्था आणि तळावरची व्यवस्था, दोन्ही एकाच वेळी चालाव्या लागतील.

कायद्याला कोण दिसतं

जबाबदारीचा धागा धरून वर जायला लागलं की तो हातातून निसटतो. कारखाना म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी आहे. वाहनमालक म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी स्वतःच एके काळी कोयता चालवलाय, माझ्या डोक्यावर उचलीचं कर्ज आहे. तेही खरंच असतं. या साखळीत बाईचं नाव कुठल्याच कागदावर मजूर म्हणून नसतं. जोडीचा हिशोब नवऱ्याच्या नावे होतो.

कर्मचारी राज्य विम्याचा कायदा हंगामी कारखान्यांना लागू होत नव्हता, आणि त्यातल्या हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांची नावंच लिहिलेली होती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं ठेकेदारावर मोफत वैद्यकीय सोयीची जबाबदारी टाकली, पण ती राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. केजची जोडी बेळगावला गेली तर कायद्याला दिसायची, कोल्हापूरला गेली तर नाही. अर्थात बेळगावला गेलेल्यांनाही मोफत डॉक्टर भेटल्याचं मला कुणी सांगितलं नाही.

घटनेच्या बाजूनं पाहिलं तर उत्तर इतकं धूसर नाही. १९९२ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख हे गृहस्थ मथुरापूर स्थानकात रेल्वेतून पडले. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणून त्यांना परत पाठवलं आणि अखेर खासगी रुग्णालयात पदरचे पैसे भरून उपचार घ्यावे लागले. ते शेतमजुरांच्या संघटनेचे सदस्य होते. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हे जगण्याच्या हक्काचं, कलम २१ चं उल्लंघन आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. निकाल तातडीच्या उपचारांचा होता. पण हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेली सातव्या महिन्याची मुलगी मोळ्या उचलते, हीही माझ्या लेखी तातडीच आहे.

गर्भाशयांबाबतचा निकाल अलीकडचा. राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध २०१३ मध्ये याचिका केली होती. तिथे काही ठिकाणी गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या पैशांतूनच अशी ऑपरेशनं झाल्याचा आरोप होता. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या, आणि चाळिशीच्या आतल्या बाईचं गर्भाशय काढलं तर त्याच्या कारणाची छाननी, असा त्यांचा गाभा आहे. जिल्हा समितीसमोर येणारा प्रत्येक कागद दवाखान्यानं भरलेला असतो. त्या समितीत ऊसतोड बाई किंवा तिच्या संघटनेची कार्यकर्ती बसली पाहिजे. सोनोग्राफीआधी आतून तपासलं होतं का, हा प्रश्न ती पहिल्याच बैठकीत विचारेल.

टनामागे दहा रुपये

पैशांचा प्रश्न सुटणारा आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ झालं. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, अशी त्याच्या निधीची रचना आहे. राज्यात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. हिशोब कुणालाही करता येईल. महामंडळाचा पहिला दिसणारा भर मुलांच्या वसतिगृहांवर आहे, आणि ती वसतिगृहं हवीच आहेत, कारण त्यांमुळे मुलींची लग्नं लांबतात. त्याच निधीतून तळावर दवाखाना का नाही, हे मात्र मला समजत नाही.

तो दवाखाना कसा असावा, हे तळावरच्या बायकांनी मला फार नेमकं सांगितलं. वेळ संध्याकाळी सात ते दहा. बाई डॉक्टर किंवा निदान सिस्टर. तपासायला पडदा आणि टेबल, म्हणजे बंद गाडी असली तरी चालेल. औषध तिथेच मिळावं, चिठ्ठी नको. आठवड्याचा ठरलेला वार, म्हणजे टोळीला आधी सांगता येतं. आणि डॉक्टरनं सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवसाला खाडा लागू नये. ही शेवटची अट पैशांपेक्षा अवघड आहे, कारण ती मुकादमाच्या वहीत शिरते. पण तोडणीचे दर जर संघटना, कारखानदार आणि पुढारी एका खोलीत बसून ठरवू शकतात, जानेवारी २०२४ मध्ये त्यांत ३४ टक्के वाढ अशीच ठरली, तर आजारपणाच्या रजेचं कलमही त्याच कागदावर येऊ शकतं. दरासाठी कोयता बंद ठेवणाऱ्या संघटनांच्या मागण्यांत बाळंतपणाची रजा आणि शौचालय वरच्या क्रमांकावर यायला हवीत. वाटाघाटीला बसणाऱ्यांत बायका असतील तर ती येतील.

जबाबदारी कुणाची, याचं माझं उत्तर मी या फिरण्यातून काढलं आहे: ज्याच्या काट्यावर तिचा ऊस मोजला जातो, त्याची. हंगामाच्या सहा महिन्यांत तिच्या आरोग्याचं उत्तर कारखान्यानं द्यावं. गाळप परवाना दरवर्षी साखर आयुक्तांकडून घ्यावाच लागतो. शेतकऱ्यांचा उसाचा दर (एफआरपी) थकवलेल्या कारखान्याचा परवाना अडवता येतो, तर तळावर पाणी, शौचालय आणि दवाखाना नसलेल्याचाही अडवता यावा. उरलेल्या सहा महिन्यांचं उत्तर तिच्या गावच्या आरोग्य केंद्रानं द्यावं. आणि दोन्हीकडची नोंद एकच असावी, जी तिच्याजवळ राहील.

ज्यांचं होऊन गेलं

या चर्चेत त्या १३,८६१ बायका मागे पडतात. त्यांची मोजणी झाली, अहवाल झाला, आणि त्या पुन्हा कामाला गेल्या. त्यांतल्या काहींची अंडाशयंही काढलेली आहेत. बहुतेकींना ते ठाऊक नाही, कारण डिस्चार्जचा कागद इंग्रजीत असतो आणि तो कुठे ठेवला हेही आठवत नाही. अंडाशयं तिशीत गेली की पाळी जाण्याचं वय एकदम तिशीतच येऊन ठेपतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसतं गर्भाशय काढलेल्यांतही हा बदल काही वर्षं आधी येऊ शकतो. पस्तिशीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "कंबर अशी धरते की मोळी उचलताना जीव जातो. कटकट गेली म्हन्लं व्हतं, ही दुसरी लागली." त्यांनी आतापर्यंत सलाईनवर आणि दुखण्याच्या इंजेक्शनांवर किती पैसे घातले, ते त्यांना सांगता आलं नाही.

यांच्यासाठी करायचं ते अवघड नाही. सर्वेक्षणात कुणीतरी घरी जाऊन त्यांना भेटलेलं आहे. तशाच भेटी पुन्हा व्हाव्यात: काय काढलं आहे हे कागदावरून किंवा सोनोग्राफीनं निश्चित करावं, अंडाशयं नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोन्सच्या उपचाराबद्दल सल्ला द्यावा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू करावं, रक्तदाब पाहावा. ज्यांचं गर्भाशयमुख शिल्लक आहे त्यांची कर्करोगाची तपासणीही करावी, कारण पिशवी काढली म्हणजे ती भीती संपली असं त्या समजून आहेत. आशाताईंच्या वहीत यासाठी आज रकाना नाही. तो आखून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तपासण्या उरकायला हव्यात, कारण दसऱ्यानंतर यांतल्या कितीतरी जणी पुन्हा फडात असतात.